रबरावरची तुरपाई

कोकिळाची तुरपाई दिसत नसे. पिंपळगाव राजातल्या बायका तिच्याकडून शिवून नेलेला ब्लाउज उलटा करायच्या, दाराच्या उजेडात धरून टाका शोधायच्या, आणि सापडला नाही की म्हणायच्या, "काय वं बाई, हातात जादू हाय का तुह्या?" कोकिळा नुसती हसायची. बोलणं तिचं मुळातच कमी, त्यात सोमवारी दुपारपर्यंत मौन. सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादशा. लग्न होऊन या घरात आल्यापासून बावीस वर्षांत एकही वार चुकला नव्हता. मशीनवर बसतानाही ती आधी मशीनला हात लावून तो हात कपाळाला लावायची, मगच पाय हलवायची.

यंदाच्या पोळ्याला, बैलांची पूजा आटोपल्यावर, ती एकटीच देवीच्या देवळात गेली आणि नवस बोलली. "माझ्या समीक्षाची निवड होऊ दे. ती होईस्तोवर मी नखाला ब्लेड लावणार नाही."

तिच्या माहेरी, हिवरा आश्रमाकडं, घट बसले की नऊ दिवस घरात कोणी नखं कापत नसत. नऊ दिवसांचं तिला काहीच वाटत नव्हतं. देवीला द्यायचं तर जड जाईल असं द्यावं, आणि शिवणारीला वाढलेल्या नखांइतकं जड दुसरं काय असणार? सुई धरता येत नाही, कापड अडकतं, गिऱ्हाईक हाताकडं बघतं. म्हणूनच तिने तेच निवडलं. आणि नवस फिटेपर्यंत त्याचा उच्चार कोणापुढं करायचा नाही, नाहीतर त्याचं फळ जातं, हे तिला आईनं लहानपणीच सांगून ठेवलेलं.

समीक्षा तिची एकुलती एक. विसाव्या वर्षी पोरगी ट्रायथलॉन खेळत होती. म्हणजे आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, आणि सायकल टाकून पळत सुटायचं, मध्ये श्वास घ्यायलाही थांबायचं नाही. पोहायला ती बापाच्या विहिरीत शिकली आणि पुढं धरणात तयार झाली. दसऱ्यानंतरच्या रविवारी हिमाचलातल्या एका तलावावर निवड स्पर्धा होती. पहिल्या तिघी वर्षभराच्या शिबिराला जाणार होत्या. वयाच्या अटीमुळं समीक्षाला ही शेवटचीच संधी होती. पुढच्या वर्षी तिला मोठ्यांच्या गटात जावं लागलं असतं, आणि तिथं खामगाव तालुक्यातल्या पोरीला कोण विचारतं?

पण तिथलं पाणी बर्फासारखं. रबरी सूट घातल्याशिवाय उतरूच देणार नव्हते. तो सूट रंगराव सरांनी आणला.

रंगराव सर खामगावच्या शाळेतून खेळशिक्षक म्हणून निवृत्त झालेले. पुण्याच्या एका क्लबातून, ओळखीवर, एका स्पर्धेपुरता सूट त्यांनी मागून घेतला होता. चादरीत गुंडाळलेला तो काळा ऐवज त्यांनी ओट्यावर पसरला तेव्हा भागवत, समीक्षाचा बाप, वांग्याच्या वावरातून नुकताच आला होता.

"हे तं म्हशीचं कातडं दिसते, सर," तो म्हणाला.

शेजारची बेबीताई कुंपणावरूनच ओरडली, "बाप्पा! पोट्टी हे घालून चार लोकाईत जाईन?"

"तुमच्या साडीवर पाठवू काय बेबीताई? गोठून जाईन ते," सर म्हणाले. मग सूटवरून तळहात फिरवत त्यांचा आवाज शाळेतला झाला. "हे पाहा. वरून रबर, आतून कापड. रबरात हवेचे बारीक बुडबुडे हायेत, त्यानं ऊब राहते आन माणूस तरंगते बी. पण वरची कातडी लय नाजूक. घालताना पायात पॉलिथिनची पिशवी घालाची, म्हणजे पाय सरकते. हातात सुती मोजे. बोटाच्या पेरानं थोडं थोडं वर सरकवाचं. आधी कमरेवर नीट चढला पाहिजे. तिथं राहिला तर सारा ताण खांद्यावर येते, आन तिथंच फाटते. आन नखं! याचा खरा वैरी नख. चला, हात दाखवा सगळे."

भागवतनं चिखलाचे दोन्ही हात पुढं केले. "सर, छडी नका मारू."

समीक्षानं दाखवले. बेबीताईनंही कुंपणावरून हात लांब केला आणि खिदळली. कोकिळानं हात पदराखाली घेतले.

"माह्या हाताले पीठ हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

आत पीठ नव्हतं. दिवस एकादशीचा होता. चुलीपाशी उभं राहून ती बाहेर सरांचं बोलणं ऐकत राहिली.

"आन समजा पडली चीर, तं घाबराचं नाही. नखाची चीर आतल्या कापडापर्यंत जात नसते. या पिशवीत काळा गोंद हाय. दोन्ही काठांले पातळ लावाचा, दहा मिनिटं वाळू द्याचा, पुन्हा लावाचा, मग दाबून धराचं आन एक दिवस हात लावाचा नाही. बस. पण मले सांगाचं. लपवाचं नाही, एवढंच माह्यं म्हणणं."

त्यानंतर समीक्षा रोज आठवण करायची. "आई, नखं काप ना वं. मले सूट चढवून देणारी तूच हायेस."

"हाव. कापतो."

"काल बी म्हटलं होतं तू."

"आज वार नाही चांगला."

सोमवारी नाही, शनिवारी नाही, मग घट बसले म्हणून नाही. समीक्षाला आईच्या वारांची सवय होती. तिनं विचारणं सोडलं. कोकिळाला मात्र रात्रीचं जेवण गोड लागेना. व्रतस्थ तोंडानं ती लेकीशी खोटं बोलत होती, आणि ज्या देवीसाठी बोलत होती ती सगळं बघत होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिघं धरणावर गेली. स्पर्धेआधी एकदा तरी सूट घालून पोहून बघ, असं सरांनी सांगितलं होतं. काठावर भागवत पाठ करून उभा राहिला. समीक्षानं पायात पिशवी घातली, पाय सरकवला, पिशवी काढून दुसऱ्या पायात घातली. गुडघा, मांडी, कंबर. कोकिळा मोजे घालून पेरांनी रबर वर ढकलत होती आणि मनात नामस्मरण चाललेलं होतं. सगळं नीट चढलं. उरली पाठीवरची चेन. तिचं बारकं टोक मोज्यातून निसटायला लागलं.

"आई, लवकर वं. भट्टीत बसल्यासारखं होऊन राह्यलं."

"थांब, धरता येईना."

कोकिळानं उजव्या हाताचा मोजा काढला. चेन वर ओढता यावी म्हणून खांद्याजवळचं रबर तिनं चिमटीत धरून एकत्र आणलं. अंगठ्याच्या नखाचा टवका दोन दिवसांपूर्वी लसूण सोलताना उडाला होता. ब्लेड लावायचं नाही म्हणून तो तसाच होता, करवतीच्या दातासारखा. चेन सर्रकन वर गेली. त्या आवाजाच्या खाली दुसरा एक अगदी बारका आवाज झाला. तो फक्त कोकिळानं ऐकला.

समीक्षा पाण्यात शिरली आणि माशासारखी गेली. पाऊण तासानं बाहेर आली तेव्हा तिचे दात दिसत होते. "बाबा, थेंब नाही शिरला अंदर! अन् हात असा चालते, अस्सा!" हिवाळा सुरू व्हायचा होता, ऊन तापलं होतं आणि पोरगी रबरात घामानं निथळत होती, पण तिचा आनंद मावत नव्हता.

घरी कोकिळानं सूट साध्या पाण्यातून काढला. सरांनी सांगितल्याप्रमाणं उन्हात न घालता पडवीत जाड काठीवर वाळत घातला आणि मग उजवा खांदा बघितला. चिंचोक्याएवढी लांब चीर होती. वाकडी, नखाच्या आकाराची. दाबली की मिटायची, ताणली की तोंड उघडायची. आतलं कापड शाबूत होतं.

पिशवीत गोंदाची नळी होती. पण नळी उघडली की सरांच्या लक्षात येणार, आणि सर म्हणजे चौकशी. चीर कशी पडली? नखानं. नखं का वाढवली? यावर खोटं बोलायचं तर किती बोलायचं? आणि खरं बोललं तर दीड महिन्याचा नवस मातीत, तोही स्पर्धा पाच दिवसांवर आलेली असताना. आज नवस मोडला आणि पोरगी चौथी आली, तर? हे तिला जन्मभर सोसवलं नसतं.

आणि खरं सांगायचं तर गोंदावर तिचा विश्वासही नव्हता. चिकटवणं म्हणजे वेळ मारून नेणं. फाटलं की शिवायचं, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. गोंद सुटतो. तिचा टाका आजवर कधी सुटला नव्हता.

समीक्षा सायकल घेऊन गेलेली, भागवत बाजारात. कोकिळानं सर्वांत बारीक सुई काढली, काळा रेशमी दोरा ओवला. वाढलेल्या नखांनी सुई धरताना दोनदा निसटली. तिसऱ्यांदा धरली गेली. देवीचं नाव घेऊन तिनं सुई रबरात घातली. लोण्यात जावी तशी गेली, आरपार, आतलं कापड भेदून. अकरा टाके घातले, एकाला एक लागून, जमतील तितके बारीक. गाठ आत दडवली. वरून बोट फिरवलं तर काही लागलं नाही. हातभर लांब धरून बघितलं तर काही दिसलं नाही. आपलं आजवरचं सर्वांत चांगलं काम हेच, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं देवासमोर उदबत्ती लावली.

गुरुवारी समीक्षा आणि सर निघाले. सूट पिशवीत भरण्याआधी समीक्षानं तो इंच न् इंच तपासला. उजव्या खांद्यावरून तिचा तळहात फिरला. तळहात पुढं गेला.

"एक चीर नाही! आई, तुह्या हाताची कमाल हाय," समीक्षा म्हणाली आणि वाकून पाया पडली.

रविवारी कोकिळानं पाणीसुद्धा घेतलं नाही. सकाळपासून माळ हातात. भागवत वांगी तोडायला गेला होता. अकराच्या सुमारास तो वावरातून घराकडं येताना तिला दिसला, हातात टोपली नव्हती, फोन होता. त्याच्या चालण्यावरूनच तिला कळलं.

"बाद झाली," तो ओट्यावर बसत म्हणाला. "पोहण्यातच. सूट फाटला म्हणे."

कोकिळाच्या हातातली माळ तशीच राहिली. कितव्या मण्यावर होती, हे तिला नंतर आठवेना.

तिसऱ्या दिवशी समीक्षा आली. रडली नाही, चिडली नाही. जेवताना बापानं विचारलं तेवढं सांगितलं. काठावर सूट चढवत होती. कमरेपर्यंत नीट आला. खांदा ओढला आणि कॅलेंडरचं पान फाटावं तसा तो फाटत गेला, खांद्यापासून काखेपर्यंत. शिटीला आठ मिनिटं होती. गोंद लावून वाळवायला तेवढ्यात काय होणार? सरांनी वरून चिकटपट्टी गुंडाळली, ती पाण्यात सुटली. आत पाणी भरलं. "हात उचललाच जाईना, बाबा. बादली बांधल्यावानी. अन् थंडी अशी का जबडा बंद होईना." ठरलेल्या वेळेनंतर पाच मिनिटांनी ती पाण्याबाहेर आली. तिच्या दंडावरचा नंबर पुसून टाकला गेला. सायकल तशीच उभी होती.

"नशीब," भागवत म्हणाला.

समीक्षानं आईकडं पाहिलं नाही. भाकरी मोडली आणि खात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव सर सूट न्यायला आले. प्रवासात त्यांना तो उघडून बघावासा वाटला नव्हता. आता ओट्यावर पसरला, चष्मा लावला, फाट उलटी केली. बोटानं चाचपत खांद्याजवळ थांबले. तिथं रबराच्या काठाला ओळीनं भोकं होती, आणि एका भोकात काळ्या रेशमाचा तुकडा.

"हे कोणं शिवलं?"

कोकिळा चहा घेऊन दारात आली होती.

"मी," समीक्षा म्हणाली.

"तू?"

"हाव सर. धरणावर नखानं चीर पडली. तुम्ही रागवसान म्हणून मीच शिवली."

सरांनी चष्मा काढला. मग बोलले ते हळू आवाजात, आणि त्यामुळं जास्त लागेल असं. "बाई, हे लुगडं नोहे. इथं चीर पडली होती ना, ते दोन थेंब गोंदानं बसली असती. न लावता तशीच गेली असती, तरी कदाचित पोहून आली असती तू. एका चिरीनं रबर फाटत नाही. तू त्याले अकरा भोकं पाडली, एका ओळीत. ताण आला का फाटणारच. मी कितींदा सांगतलं? लपवू नका. एवढंच म्हटलं होतं ना मी?"

"हाव सर."

"क्लबवाल्याईले मी काय सांगू? फाटला ते फाटला, त्याचं पाहू. पण जे पोरगी आपलं सामान लपवून शिवते, तिच्यासाठी पुन्हा शब्द नाही टाकता येत मले. आता नाही."

कोकिळाला ओरडावंसं वाटत होतं. सर, मी. मी शिवलं. बावीस वर्षांचं मौन पाळलेलं तोंड नेमक्या वेळी उघडलं नाही. सरांनी सूट चादरीत गुंडाळला, चहा न घेता फटफटीला पाय मारला आणि ते गेले.

समीक्षा तशीच बसून होती. कोकिळा तिच्यासमोर खाली बसली.

"समीक्षा. ते मी..."

"माहीत हाय मले."

"कधीपासून?"

"तिथं काठावर फाटला तवापासून. शाळेचा फ्रॉक, गॅदरिंगचा घागरा, सारं तूच शिवलं माह्यं. तुहा टाका मी नाही ओळखणार काय?"

कोकिळानं मग सगळं सांगितलं. पोळा, देवी, नखं, लसूण, चेन. हात पुढं करून दाखवले. इतके दिवस जपलेलं एका दमात बाहेर आलं. नवस तसाही राहिला नव्हता, आणि नवसातली निवड आता कधीच होणार नव्हती. ऐकता ऐकता समीक्षाचा चेहरा मऊ होईल, असं कुठंतरी तिला वाटत होतं. लेकीसाठीच केलं होतं ना सगळं?

"मले एकदा तरी विचारलं का तू?" समीक्षा म्हणाली. "मी रोज चार वाजता उठलो. दोन वर्षं. धरणात, रोडवर, उन्हात. ते तुले कमी पडत होतं, म्हणून तू तुहं काही टाकलं त्याच्यात. माह्यं एकच मागणं होतं आई, नखं काप. तेवढं मागितलं होतं मी तुले. देवीनं मागितलं होतं का नखं वाढव म्हणून?"

"असं बोलू नये देवीले."

"देवीले नाही बोलून राह्यलो. तुले बोलून राह्यलो."

"मग सराईले खरं काऊन नाही सांगतलं? मी सांगतो त्याईले. आत्ता जातो खामगावले."

"नको." समीक्षा उठली. "मायनं नवस केला, मायच्या नखानं फाटला, मायनं ब्लाउज शिवावा तसा शिवला. हे पुण्यापर्यंत जाईन. तिथं हसतीन सारे. तुह्यावर हसलेलं मले पाहवणार नाही, अन् माह्यावर तं बिलकुलच नाही. त्यापेक्षा खोटारडी म्हणून बाद झालेली बरी. तुले माह्यासाठी काही कराचंच हाय ना? मग चूप राहा. ते तुले जमते."

कोकिळा चूप राहिली.

समीक्षानं नंतर पोहणं सोडलं नाही. धरणावर जाणं मात्र सोडलं. अकोल्याला एका तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायचं काम तिला मिळालं, आठवड्याला एकदा ती घरी यायची. बोलायची, जेवायची, बापाची चेष्टा करायची. आईच्या उपासाच्या दिवशी आठवणीनं केळीही आणायची. कोणी म्हटलं नसतं की या घरात काही बिनसलंय.

मार्गशीर्षात सोनाळ्याला तिच्या चुलतबहिणीचं, डिंपलचं, लग्न निघालं. कोकिळानं आधीच निळ्या रंगाचं ब्लाउजपीस आणून ठेवलं होतं, समीक्षाच्या साडीला अगदी जुळणारं. समीक्षा घरी आली त्या शनिवारी तिनं फीत हातात घेतली.

"उभी राहा बरं, माप घेतो. खांद्यात भरली वाटते तू पोहून पोहून."

"असू दे आई. मी अकोल्यातच टाकला शिवाले. देणार हाय तो बुधवारी."

फीत कोकिळाच्या बोटांतून घसरून जमिनीवर उलगडली. तिनं ती उचलून गुंडाळली. "बरं केलं," ती म्हणाली. "मलेही कामं लय हायेत."

लग्नाच्या दिवशी समीक्षा तो ब्लाउज घालून आरशापुढं उभी राहिली. अकोल्याच्या शिंप्यानं खांदा चुकवला होता. उजवीकडं झोळ आला होता, आणि काखेखाली शिवणीचा दोरा निघून लोंबत होता. बेबीताईचंही लक्ष गेलं. "काय वं, घरी एवढी मोठी टेलरीण, अन् पोट्टीचा ब्लाउज असा?" समीक्षा हसली, पदर त्या खांद्यावर नीट ओढून घेतला आणि म्हणाली, "चालते."

दोन टाक्यांचं काम होतं. सुईदोरा कोकिळाच्या पर्समध्येच होता, नेहमी असायचा. ती एक पाऊल पुढं आली. आरशात समीक्षाची नजर तिच्या हातावर पडली आणि तिथंच थांबली. रागाची नव्हती ती नजर; परक्या माणसाचा हात जवळ आला की माणूस जरा सावध होतं, तेवढीच.

कोकिळानं हात मागं घेतला. "चला, बस निघून जाईन," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.